भिंतीपेक्षा ठेंगणी

ओ वहिनी, काल सकाळी दचकलात ना? दचकणारच. आमच्या आळीत नवीन आलेलं माणूस पहिल्या रविवारी दचकतंच. तुमच्या आधीचे भाडेकरू तर सिलिंडर गळतोय म्हणून रेग्युलेटर बंद करायला धावले होते. या, जरा भिंतीजवळ या. कपडे वाळत घालून झालेत ना? मग ऐका, हे लांबून ओरडून सांगायचं प्रकरण नव्हे.

तो आवाज आमच्या पलीकडच्या विजूच्या गाडीचा. दिसली नसेल तुम्हाला, कारण आपल्या सगळ्यांच्या कंपाउंडच्या भिंती चार फुटी आणि ती गाडी जमिनीपासून छपरापर्यंत ११६ सेंटिमीटर. म्हणजे भिंतीपेक्षा दोन इंच ठेंगणीच. आमच्या ह्यांनी टेप लावून मोजलंय. बांधकाम खात्यातून रिटायर झालेल्या माणसाला दुसरं काम काय? भिंतीआड ती दिसत नाही, नुसती ऐकू येते.

लॅम्बोर्गिनी आहे ती. गॅलार्डो. कोल्हापुरात, नागाळा पार्कात, आमच्या आळीत! आणि नवी नव्हे बरं का, सेकंडहँड. २०१० सालची. आमच्या ह्यांच्या गाडीला तीन सिलिंडर, हिला दहा, आणि इंजिन माणसाच्या पाठीमागे. सकाळी ते ओरडणं असतं ना, त्यात पोराचा काही दोष नाही. मीसुद्धा आधी भांडायलाच गेले होते. तो म्हणाला, काकू, मी पाय लावतच नाही. धूर साफ करणारं ते यंत्र असतं ना सायलेन्सरच्या आधी, ते गरम झाल्याशिवाय काम करत नाही. म्हणून गार गाडी सुरू केली की इंजिन आपलं आपणच वर चढतं, ते यंत्र लवकर तापावं म्हणून. मिनिटभर ओरडते, मग खाली बसते. तिसऱ्या बंगल्यात बाळ झालं तेव्हा आम्ही बायकांनीच ठरवून दिलं, साडेसहाच्या आत गाडी सुरू करायची नाही. पाळतो बिचारा. काल साडेसहाच वाजले होते, तुम्ही घड्याळ बघितलं नसेल.

गाडी आली २०२२ च्या दसऱ्याला. टेम्पोसारखी सपाट गाडी असते ना, वाहनं वाहून नेणारी, तिच्यावर झाकून आणली. तास-दोन तासांत आळीत काय काय उठलं म्हणून सांगू! कोणी म्हणे हायवेच्या रुंदीकरणात जमीन गेली, त्याचे पैसे आले. कोणी म्हणे गोकुळ शिरगावातली फाउंड्री गहाण टाकली. कोणी म्हणे सासऱ्यांनी दिली. ते सासरे अजून स्कूटरवर बसून मंडईत जातात. किंमत सत्तर लाखांपासून तीन कोटींपर्यंत, ज्याच्या तोंडाला येईल ती. खरा आकडा विजूने आजतागायत कुणाला सांगितलेला नाही. आक्का, म्हणजे त्याची आई, मला एवढंच म्हणाल्या, नवी असताना दोन कोटींच्या पुढची होती, ह्याने निम्म्याच्या आत आणली. आणि डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, तेवढ्याचं सोनं घेतलं असतं तर! आता सोन्याचा भाव वाढला की आक्का भिंतीशी येऊन मला तो सांगतात. मला सांगायचं निमित्त, ऐकवायचं विजूला.

पण घेतली कशी, ते ऐकण्यासारखं आहे. असली गाडी बाहेरून जुनी मागवता येत नाही. तीन वर्षांपेक्षा जुनं वाहन आपल्याकडे आयात करू देत नाहीत. म्हणजे इथेच कोणी नवी घेतलेली असेल, तीच फिरत फिरत आपल्यापर्यंत येणार. मोजकीच स्थळं, त्यातून निवडायचं. आणि बघायला गेला तोही अगदी स्थळ बघावं तसाच. उद्यमनगरातला एक मिस्त्री बरोबर घेऊन. हा मिस्त्री तुम्हाला पुढे भेटेलच, पांढऱ्या दाढीचा, कानाला पेन्सिल.

पहिली गाडी मुंबईतल्या एका दलालाकडे. पिवळीधमक. अकरा वर्षांत फक्त साडेचार हजार किलोमीटर चाललेली. एक ओरखडा नाही, आत अजून नव्या चामड्याचा वास. दलाल म्हणाला, साहेब, कोरी आहे कोरी, मालकाने नुसती बघायला ठेवली होती. विजू पाघळला. मिस्त्री काही बोलला नाही, गुडघ्यावर बसला आणि टायरच्या कडेला बोट फिरवायला लागला. टायरवर चार आकडे असतात वहिनी, मला तरी कुठे माहीत होतं! पहिले दोन म्हणजे कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. त्याच्यावर होतं १४११. म्हणजे २०११ च्या चौदाव्या आठवड्यातले टायर, गाडीबरोबर आलेले. नक्षी अगदी नवी, पण रबराचं पार लाकूड झालेलं. मग त्याने खाली टॉर्च मारला तर तेलाचे ओघळ. सील सुकलेली. पेट्रोलच्या नळ्या कडक झालेल्या. बॅटरी तर दलालाने सकाळीच नवी घातलेली. मिस्त्री उठला, हात पुसले आणि म्हणाला, "मालक, ही गाडी चालली न्हाई म्हणून बसलीया. हिला आता उठवायला आणखी एक गाडी इकावी लागंल."

दुसरी एका डॉक्टरांची. करड्या रंगाची. चौतीस हजार किलोमीटर झालेले. पुढच्या ओठाला खालून खरचटलेलं, चालकाच्या सीटची कड झिजलेली. पण डॉक्टरांनी कपाटातून फाइल काढली, ही दोन इंच जाडीची. प्रत्येक तेलबदलीचं बिल, प्रत्येक टायरचं बिल, क्लच कधी घातला त्याचं बिल. दर आठवड्याला गाडी बाहेर काढायचे, न चुकता. मिस्त्रीने मुंबईतल्या जाणकाराला बोलावून कॉम्प्युटर जोडला, तर त्यात क्लच किती टक्के झिजलाय तेसुद्धा दिसतं म्हणे. आमच्या ह्यांच्या गुडघ्याचं असं टक्क्यात सांगितलं असतं तर किती सोपं झालं असतं! ती गाडी पहिलीपेक्षा स्वस्त पडली आणि विजूने तीच घेतली. आक्का म्हणतात, माझ्या सुनेच्या वेळीसुद्धा ह्याने एवढी चौकशी केली नव्हती.

आता क्लचचं म्हणालात तर त्यातली गंमत ऐका. ही लॅम्बोर्गिनी मूळची ट्रॅक्टरवाली! हो, खरंच. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी म्हणून इटलीतला शेतकऱ्याचा मुलगा. महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या भंगारातून यंत्रं उचलून त्याने ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. पैसा आला तशी फेरारी घेतली. तिचा क्लच सारखा जायचा. त्याने उघडून बघितला, तर म्हणे आपल्या ट्रॅक्टरला घालतो त्याच जातीचा. तक्रार घेऊन गेला तर फेरारीच्या मालकाने, तू आपले ट्रॅक्टर चालव, अशा अर्थाचं काहीतरी सुनावलं. असं सांगतात, खरंखोटं ते दोघंच जाणोत. पण १९६३ मध्ये त्याने स्वतःचा मोटारीचा कारखाना काढला हे खरं. रास वृषभ, म्हणून गाडीवर बैल. आपल्यासारखी चंद्रावरून नव्हे, त्यांच्या पद्धतीची रास. आणि गॅलार्डो हेसुद्धा स्पेनमधल्या झुंजीच्या बैलांच्या एका जातीचं नाव. म्हणून तर बेंदराला आमच्या शेजारच्या पोरांनी बोनेटवर झूल टाकून शिंगाच्या जागी फुगे बांधले होते. विजूने फोटो काढू दिला आणि पुरणपोळी गाडीला नाही, मला द्या म्हणाला.

तर एवढा क्लचवरून रुसून गाडी काढली, आणि बघा नशीब, आज विजूचं सगळ्यात मोठं दुखणं तेच! ह्या गाडीला क्लचचं पेडल नाही. स्टिअरिंगमागे दोन पाती, बोटाने ओढली की गिअर पडतो. पण आत क्लच साधाच आहे, तो दाबायचं काम यंत्र करतं. गर्दीत इंचाइंचाने सरकलात की तो जळतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रिव्हर्स. चढावर मागे घेतली की महिन्याची झीज एका दिवशी. आणि विजूच्या बंगल्याचा उतार बघितलात ना फाटकाकडचा? रोज बाहेर काढायची तर चढावर रिव्हर्स. तर ह्या बहाद्दराने काय करावं? मागच्या बाजूची भिंत पाडून दुसरं फाटक केलं. आता पुढून आत, मागून बाहेर. गाडी उलटी फिरतच नाही. आक्कांची शेवग्याची दोन झाडं गेली त्यात. शेंगांचा हिशेब आक्का अजून गाडीच्याच खर्चात धरतात.

आणि त्यांची ती वही आहे बरं का. लांबट, लाल बांधणीची, किराणा दुकानात असते तसली. एका पानावर दूध, एका पानावर कामवाली आणि मधेच "बैल". मी बघितलीय. एका वेळी दहा लिटरच्या आसपास ऑइल लागतं, आपल्या गाडीला तीन-साडेतीन. मागचे टायर २९५ मिलिमीटर रुंद, म्हणजे सव्वा वीत, आणि ते कोल्हापुरात मिळत नाहीत, मागवावे लागतात. क्लच एकदाच बदलला, त्या पैशात नवी छोटी गाडी दारात आली असती. त्या पानावर आक्कांनी आकड्याखाली दोन रेघा मारल्यात आणि पुढे लिहिलंय, "देवा!" विजू म्हणतो ते मला पटतं. गाडी निम्म्या किमतीत मिळते, पण तिचे सुटे भाग निम्म्या किमतीत मिळत नाहीत. जुनी झाली म्हणून तिची राहणी उतरत नाही. मोडलेल्या संस्थानिकासारखं आहे ते, गादी गेली तरी पंगत तेवढीच.

थोडा आधार एवढाच, की १९९८ पासून ही कंपनी जर्मनीच्या ऑडीच्या घरात नांदते. त्यामुळे बरेच बारीकसारीक भाग ऑडीचेच निघतात, जरा बऱ्या भावात. आणि काही आपल्या उद्यमनगरात होतात. पोटाखालचं कव्हर फुटलं होतं स्पीड ब्रेकरवर, तर त्या मिस्त्रीने ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं करून दिलं. आधी पुठ्ठ्यावर छाप घेतला, कानाची पेन्सिल काढून भोकांच्या खुणा केल्या, कातरीने कापला, चार वेळा गाडीखाली सरपटून लावून बघितला आणि मग पत्र्याला हात घातला. चहा दोनदा गार झाला त्याचा. बसवल्यावर बोटाने टकटक करून म्हणाला, "इटलीला कळवा, पुढच्या टायमाला आमच्याकडं छाप धाडा."

स्पीड ब्रेकरवरून आठवलं. ह्या गाडीमुळे आपल्या आळीचं एक भलं झालं. कोपऱ्यावरचा तो स्पीड ब्रेकर आता कसा अलगद लागतो, बघितलंत? पूर्वी तिथे कुणीतरी रातोरात घातलेला उंचवटा होता, वीतभर रुंद आणि वीतभर उंच, उंबरठ्यासारखा. विजूची गाडी तिथे पहिल्याच दिवशी अडकली. नाक वर उचलायचं बटण आहे तिला, दाबलं की पुढचा भाग बोटभर-दोन बोटं वर येतो. तरी अडकली. पोरांनी चार फळ्या लावल्या तेव्हा निघाली. आमचे हे बघत होते. घरात आले, टेप घेतली, मोजलं आणि जेवणाच्या ताटावरच भाषण सुरू. रस्त्यांच्या नियमात गोलसर स्पीड ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा असं लिहिलंय, हा स्पीड ब्रेकर नव्हे, अपघात आहे! मी म्हटलं, आमटी घ्या. तर ह्यांनी नकाशा काढून अर्ज केला, आळीतल्या तीसजणांच्या सह्या. पहिली सही तिसऱ्या बंगल्यातल्या सुनेची, तिला सातवा महिना होता आणि रिक्षातून जाताना त्या उंबरठ्यावर तिचा जीव वर-खाली व्हायचा. दोन महिन्यांत नीट झाला. आता विजूची गाडीही जाते, तिची रिक्षाही जाते. नावं गाडीला ठेवत होतो, आणि खड्डे-उंचवटे मात्र तिच्यामुळेच आमच्या डोळ्यांवर आले.

आणि पुराचं सांगायचं राहिलंच. तुम्ही नवीन, तुम्हाला सांगून ठेवते, ह्या भागात पावसाळ्यात पंचगंगेची पातळी पेपरात नाही, पाठ असावी लागते. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ आम्ही पोटमाळ्यावरून बघितलंय. जुलै २०२४ ला पाणी चढायला लागलं तसे आम्ही गॅस, धान्य, कागदपत्रं वर नेत होतो. विजूने ३९ फुटांची बातमी ऐकली आणि पहाटेच गाडी मामाकडे उंचावर नेऊन ठेवली. आणि परत येऊन आमचा फ्रिज वर चढवायला खांदा दिला. तेव्हापासून आळीत नियम झालाय. विजूची गाडी हलली की आपण कागदपत्रं हलवायची. सरकारी भोंग्याच्या आधी ती हलते.

गाडी मामाकडे पंधरा दिवस उभी राहिली, तेवढ्यात उंदरांनी आतल्या वायरी कुरतडल्या. तीन आठवडे दुरुस्तीत. त्यावर आमचे हे म्हणाले, गणपतीच्या तोंडावर बैलाला उंदराने हरवलं! तेव्हापासून विजू कितीही काम असो, आठवड्याला एकदा तरी चाळीस-पन्नास किलोमीटर फिरवून आणतोच. नुसती जागेवर सुरू करून बंद करायची नाही, त्याने उलट ओल धरते म्हणतो. पूर्ण तापली पाहिजे, तेल सगळीकडे फिरलं पाहिजे, टाकीतलं पेट्रोल बदलत राहिलं पाहिजे. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं ना, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. उभ्या गाडीत तेच नडतं.

तुम्ही विचाराल, हे सगळं तुम्हाला कसं माहीत? अहो, मी बसलेय त्या गाडीत! आळीतल्या जवळजवळ प्रत्येकाची एकेक फेरी झालीय. दोनच सीटा, म्हणून एका रविवारी एकजण. माझा नंबर जानेवारीत लागला, ऐन गळीत हंगामात.

मी आपली चांगली काठापदराची नेसून गेले. बसायचं कसं तेच कळेना. सीट जवळजवळ जमिनीला टेकलेली. विजू म्हणाला, काकू, आधी पाठ आत, मग बसा, मग पाय. म्हणजे पाटावर बसल्यासारखं. दार लागलं आणि मला समोरच्या दुधवाल्याच्या सायकलचं पेडल डोळ्यांसमोर! जग असं खालून कधी बघितलं नव्हतं.

कागल, कोगनोळी, निपाणी आणि पुढे तवंदी घाट, एवढीच त्याची नेहमीची फेरी. ताशी ३२५ किलोमीटर धावते म्हणे. मी काट्याकडे बघत होते, शंभरच्या वर गेला नाही. मी म्हटलं, अरे, शंभरचीच मर्यादा आहे तर एवढी ताकद घेऊन करायचं काय? तर पोरगा मला म्हणतो, काकू, तुमच्या माळ्यावर दोनशे माणसांच्या पंगतीची भांडी आहेत, रोज स्वयंपाक किती जणांचा करता? गप्प बसले.

पण तवंदीला चढ लागला ना वहिनी, तेव्हा कळलं. पाठीमागून तो आवाज आधी हंड्यात पाणी पडावं तसा भरीव, मग चढत चढत पातळ होत जातो. पातं ओढलं की क्षणभर सगळं थांबतं, आपली मान पुढे जाते, आणि मग गाडी पुन्हा आपल्याला मागे चिकटवते. वळणावर मी दार धरून ठेवलं होतं, पण गाडी तसूभर कलली नाही. मी काकू आहे, माझं वय बासष्ट आहे, आणि मी ओरडले. आनंदाने ओरडले. हे तुमच्या-माझ्यात ठेवा, आमच्या ह्यांना मी कंबर दुखली एवढंच सांगितलंय.

परतताना कागलच्या अलीकडे रुंदीकरणाचं काम, सगळी वाहनं सेवारस्त्यावर. आणि समोर उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, काठोकाठ भरून वर आणखी हातभर. हंगामात रात्री विजू गाडी बाहेरच काढत नाही ती ह्या ट्रॉल्यांमुळेच. मागे दिवा नाही, काचेची लाल पट्टी नाही, आणि आपली गाडी इतकी बुटकी की सरळ ट्रॉलीखालीच जायची. दिवसा तशी भीती नव्हती. तरी विजू सरकत राहिला नाही, क्लचसाठी. थांबायचा, पुढे बरीच जागा झाली की एकदम जायचा, पुन्हा थांबायचा. मागचे हॉर्न वाजवत होते. ट्रॅक्टरवाल्याने आरशात बघितलं असणार. टपरी आली तसा त्याने ट्रॅक्टर कडेला घेतला आणि खाली उतरून हात केला. आम्हीही थांबलो, चहा घ्यायचाच होता.

त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. हात लावला नाही, हात मागे बांधून बघितली, जनावर बघतात तशी. आणि विचारलं काय असेल? ओळखा! "ॲव्हरेज काय देती?"

विजू म्हणाला, "चार. लई झालं तर पाच."

"लिटरला?" त्याने डोक्यावरची टोपी मागे सरकवली. "आयला, म्हंजे आमच्या ट्रॅक्टरगतच हाय की!"

मग विजूने त्याला फेरुच्चोची सगळी गोष्ट सांगितली. भंगारातून ट्रॅक्टर, मग मोटार, आणि त्या नावाचे ट्रॅक्टर आजही निघतात. तो माणूस चहाचा ग्लास हातात तसाच धरून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मग आधी सांगायचं न्हवं, आपल्यातलीच हाय म्हणून!" आणि ट्रॉलीतून दोन ऊस ओढून काढले. विजू म्हणाला, ह्या पेट्रोलमध्ये पाचवा हिस्सा इथेनॉल असतं, त्यातलं बरंच उसापासून होतं, म्हणजे तुमचा ऊस माझ्या टाकीत आधीपासूनच आहे. तो म्हणाला, "टाकीतला सरकारनं दिला, ह्यो माझ्याकडनं."

ते ऊस ठेवायचे कुठे? हिची डिकी पुढे असते आणि डिकी कसली, पापडाचा डबा. इटलीच्या पोलिसांना २००४ साली कंपनीने हीच गाडी दिली होती आणि त्या डिकीत बर्फाची पेटी ठेवून ते रक्त आणि रोपणासाठीचे अवयव पोचवायचे म्हणे. एक पेटी मावेल एवढीच ती जागा. आम्ही गुडघ्यावर ऊस मोडून कांडकी केली आणि ती भरली.

आळीत उतरायची वेळ आली आणि माझी फजिती झाली. बसायला पाट, पण उठायला काही नाही! साडीचा घोळ एका बाजूला, पाय एका बाजूला. शेवटी विजू आणि तिसऱ्या बंगल्यातली सून, दोघांनी दोन हात धरून मला विहिरीतून काढावं तसं काढलं. आक्का भिंतीवरून बघत होत्या. म्हणाल्या, "आता कळलं, मी का बसत नाही ते?" पण मी सांगते तुम्हाला, आक्काही बसल्यात. पहाटे, कुणी बघत नसताना, अंबाबाईला जाऊन आल्यात. त्यांच्या वहीत त्या तारखेला "बैल" लिहून पुढे आकडा नाही, नुसती हळदीकुंकवाची दोन बोटं.

गेल्या वर्षी गाडीला पंधरा वर्षं पूर्ण झाली. पुन्हा पासिंग, पर्यावरण कर, सगळे सोपस्कार करून आणखी पाच वर्षं मिळवली. रांगेत पुढे वडापची जीप, मागे उसाचा टेम्पो, मधे ही. आक्कांना वाटलं होतं, आता तरी विकेल. आमचे हे त्यांना म्हणाले, वहिनी, दसऱ्याला राजाराम महाराजांची मेबॅक मोटार निघते ना, १९३६ सालची, ती अजून का निघते? दरवर्षी काढतात म्हणून निघते. मुंबईतली ती पिवळी गाडी आठवा, साडेचार हजार किलोमीटरवाली. तिला जपली जपली आणि जपूनच मारली. आक्का काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सोन्याचा भाव सांगायला आल्या नाहीत, एवढं मी बघितलं.

पैशाच्या हिशेबात ही गाडी म्हणजे शुद्ध तोटा, वहिनी. कुणी म्हणालं तर घेऊ देऊ नका आपल्या घरात. पण घेतलीच कुणी, तर झाकून ठेवू देऊ नका. चौतीस हजारांवर आली होती, आज एकेचाळीस हजारांच्या पुढे गेलीय आणि आली त्यापेक्षा बरी चालते.

तर येत्या रविवारी समोरच्या पोस्टातल्या काकांचा नंबर आहे, त्याच्या पुढचा मी तुमच्यासाठी सांगून ठेवलाय. साडेसहाला फाटकाशी या. पुढच्या नव्हे, मागच्या. आणि साडी नका नेसू, ड्रेस घाला.